याला नाव हाय

आप्पा चालता चालता मध्येच थांबत आणि उजव्या हाताचे बोट वर धरत, तेव्हा आमच्या गल्लीतल्या माणसांना कळे की कुठल्यातरी बेवारस वस्तूचे नाव त्यांना सापडले आहे. मग ते बोट सावकाश खाली येई आणि त्या वस्तूला टेके. कधी ती छत्रीच्या टोकावरची पितळी टोपी असे, कधी नखाच्या मुळाशी उगवलेली पांढरी चंद्रकोर. "याला नाव हाय," ते म्हणत. त्या आवाजात शहाणपणाचा तोरा नसे. सुटलेले वासरू दावणीला परत बांधणाऱ्याचे समाधान असे. मग ते नाव एकदाच उच्चारत आणि पुढे चालू लागत. फेरूल. ल्युन्युला. ते परके अक्षर ऐकणाऱ्याच्या कानात थोडा वेळ थरथरत राही, तारेवरून पाखरू उडाल्यावर तार हलत राहावी तसे.

गल्लीने त्यांना 'विंग्रजी आप्पा' करून टाकले होते. शहापुरातल्या विणकराच्या घरात जन्मून ते आमच्या मराठी हायस्कुलात इंग्रजी शिकवत. आमचे घर त्यांच्या घरासमोर, मध्ये अरुंद रस्ता. म्हणून शाळेत ते माझे सर आणि शाळेबाहेर आप्पा. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, आणि अंगाला दोन वास: बोटांना खडूचा, कपड्यांना खळीचा. पुढच्या सोप्यात त्यांचे धाकटे भाऊ अण्णा माग चालवत. सुताला लावायच्या खळीचा तो आंबूस, पेजेसारखा वास त्या घराच्या भिंतींत मुरला होता, आणि मागाचा खटका इतका अखंड चाले की तो थांबला म्हणजेच आम्ही दचकून मान वर करीत असू.

इंग्रजीची ओढ त्यांना पुस्तकांनी लावली नव्हती. ती मागाने लावली होती. साडी विणून झाली की ती मागावरून कापून उतरवतात, पण सगळे सूत कापत नाहीत. फणीत ओवलेली जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, वीतभर टोके तशीच राखतात. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पिळून सांधायचा, बोटांना चिमूटभर राख लावून, कुणाशी न बोलता. माग कधी मोकळा सोडायचा नाही, असा त्या घराचा रिवाज. लहानपणी आप्पा वडिलांशेजारी बसून ही टोके निवडून त्यांच्या हातात देत. पुढे कॉलेजात असताना एका जाडजूड शब्दकोशात भलतेच काही शोधताना त्यांची नजर एका आखूड शब्दावर पडली. थ्रम: कापड उतरवल्यावर मागावर उरलेली ताण्याची टोके.

"अंगावर काटा आला गं," ते सांगत. "आमच्या बाबांच्या हातातलं उरलंसुरलं सूत. घरात त्याला नुसतं 'ती टोकं' म्हणायचे. आणि सात समुद्रापलीकडं कुणीतरी बसून त्याला नाव ठेवलंय. नाव ठेवणारी माणसं आपल्या गल्लीत काय कमी हाईत? पण असं ठेवणारा एक न्हाई."

त्या दिवसापासून ते अशा शब्दांच्या मागे लागले ज्यांना खुद्द इंग्रजी बोलणारेही विसरले होते. परीक्षेत विचारले न जाणारे, मुलाखतीत उपयोगी न पडणारे, नोकरी मिळवून न देणारे शब्द. पण त्यांच्या शिकवण्यात एक नियम कडक होता, आणि तोही मागावरचाच. नवा शब्द कधी सुटा द्यायचा नाही. मुलाच्या जवळ आधीच असलेल्या टोकाला तो सांधून द्यायचा. "लोंबता शब्द टिकत न्हाई," ते म्हणत, "वाऱ्यावर जातो."

मधल्या सुट्टीआधीचा त्यांचा तास मला अजून पोटात आठवतो. कुणाच्या तरी आतड्यांनी मोठ्याने गुरगुर केली आणि वर्ग फिदीफिदी हसला. ज्याचे पोट वाजले तो लाजेने बाकाखाली शिरू पाहत होता. आप्पांनी बोट वर केले. "याला नाव हाय. बॉर्बोरिग्मस. आता ज्याचं पोट वाजंल त्यानं हात वर करायचा आणि इंग्रजीत सांगायचं." उपाशीपोटी शाळेत येणारी पोरे होती वर्गात. त्या वर्षी भूक लागल्याची लाज कुणाला वाटली नाही.

आणि एकदा खडू त्यांनी स्वतःच्याच कपाळाला लावला, दोन भुवयांच्या मधोमध. "ग्लॅबेला," ते म्हणाले. "पोरींनो, तुमच्या आयांना विचारा, कुंकवाच्या जागेला काय म्हणतात. कुंकवाला शंभर नावं सांगतील, जागेला एक सांगणार न्हाईत." मग तो ठिपका पुसायचे ते विसरले आणि दिवसभर पांढरा टिळा लावून गल्लीत हिंडले. संध्याकाळी त्यांच्या बायकोने, आम्ही सगळे तिला आक्का म्हणत असू, दारातच त्यांना अडवले. "काय हो, कुठल्या मठात जाऊन आलासा?"

आक्का सदलग्याकडची. माहेरी सगळे कन्नड. मराठी ती लग्नानंतर याच गल्लीत शिकलेली, आणि तिच्या मराठीला जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढउतार होते. नवऱ्याचे शब्दवेड तिने पावसाळ्यातल्या ओलीसारखे चालवून घेतले होते. "जगात कुणी वापरत न्हाई ते शब्द घरात आणतात," ती माझ्या आईला सांगे, "आणि मीठ आणायचं विसरतात. मिठाला इंग्रजीत लई सोपं नाव हाय, म्हणून."

आप्पा निवृत्त झाले त्या सुमारास शाळेने जुने काळे फळे काढून टाकले. त्यातला एक, कोपरा उडालेला, त्यांनी मागून आणला आणि घराच्या बाहेरच्या भिंतीवर, दाराशेजारी टांगला. रोज सकाळी अंघोळ करून, ओल्या केसांनीच, ते त्यावर एक शब्द लिहीत आणि त्याखाली मराठीत त्याचा अर्थ. शब्दकोशातला नव्हे, गल्लीतला. क्विडनंक: चार घरची खबर काढत हिंडणारा, आपल्याकडे कोण ते सर्वांना ठाऊक आहे. मग दुपारपर्यंत कट्ट्यावर वाद रंगे की आपल्याकडचा क्विडनंक नेमका कोण. दूध घालणारे थांबत. वडगावला सूत पोचवायला निघालेले सायकलवरून एक पाय टेकवून वाचत. सेल्व्हेज, म्हणजे कापडाचा न उसवणारा काठ, हा शब्द ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी अण्णा माग सोडून बाहेर आले, फळा वाचून म्हणाले, "म्हंजे त्यांच्यातबी उसवतंय म्हणा की."

आपल्यामागे हा फळा चालू राहावा, एवढीच आप्पांची इच्छा होती. मुलेबाळे नव्हती. शाळेत पटावरची नावे दरवर्षी घटत होती, कारण ज्यांना झेपेल त्यांनी, आणि न झेपणाऱ्यांनीही, पोरे इंग्रजी माध्यमात घातली होती. "तिथं इंग्रजी हाय, पण तिला टोक न्हाई," ते म्हणत. "पोरांच्या तोंडात इंग्रजी, घरात मराठी, हपिसात कन्नड. तिन्ही लोंबत्यात."

आमच्या या सीमाभागात पाटी ही साधी गोष्ट नाही. कुठल्या भाषेत, कुठली वर, कुठली खाली, अक्षर केवढे, यावरून इथे माणसे रस्त्यावर उतरतात. आप्पांना ते ठाऊक नव्हते असे नाही. पण त्यांना वाटे, आपण त्या भांडणाच्या पलीकडे उभे आहोत. "ह्या शब्दांसाठी कुणी दगड उचलत न्हाई," ते मला म्हणाले होते. "ह्यांचं राज्य बुडालंय. म्हणून मला ते आवडतात." शब्दासाठी नाही, तरी अर्थासाठी कुणी येईल, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

पहिल्यांदा आले ते अगदी सभ्यपणे आले. चार तरुण होते. चप्पल दाराबाहेर काढून आत बसले आणि एकाने विचारले, "सर, कन्नड एल्ली?" फळ्यावर कन्नड कुठे आहे, एवढाच प्रश्न. आप्पा म्हणाले, "कन्नड घरातच हाय. चहा टाकतीय." ती पोरेसुद्धा हसली. चहा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून मराठी अर्थाशेजारी कन्नड अर्थही येऊ लागला. तो आक्का सांगे, आणि काही दिवसांनी तीच लिहू लागली. शाळा सुटल्यापासून तिने खडू हातात धरला नव्हता. पदर खोचून, जीभ दातांत धरून ती ती वाटोळी अक्षरे वळी, कडबोळी वळावीत तशी.

तो हिवाळा त्या घराचा सर्वांत चांगला हिवाळा होता. मी तेव्हा सुट्टीला आले होते. एका सकाळी फळ्यावर ॲप्रिसिटी होते: थंडीतल्या उन्हाची ऊब. आप्पांनी खाली लिहिले होते, कोवळे ऊन. आक्काने शेजारी लिहिले होते, एळे बिसिलु. मी अर्थ विचारला तर ती म्हणाली, "तेच की गं. कोवळं ऊन. आमच्यातबी ऊन कोवळंच असतंय." दोघे फळ्याखालच्या कट्ट्यावर त्याच उन्हात बसली होती. आप्पांनी बोट वर केले, उन्हाचा कवडसा आक्काच्या तळहातावर पडला होता तिथे टेकवले, आणि तसेच ठेवले.

दुसऱ्यांदा आले ते आपले होते. म्हणजे आप्पांचेच जुने विद्यार्थी, त्यांच्याच हाताखाली शिकून मोठे झालेले. ते चप्पल काढून आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"सर, तुम्हीच असं केलासा तर आम्ही कुणाकडं बघायचं?"

"फळ्याकडं," आप्पा म्हणाले.

"चेष्टा न्हाई सर. आज तुमच्या भिंतीवर, उद्या सगळ्या गल्लीत. आपल्या मराठीचं काय?"

"मराठी हाय की. पयल्या जागेवर हाय."

"शेजारी काय हाय ते बघा."

आप्पा वळून घरात बघू लागले. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. "शेजारी माझी बायको हाय," ते म्हणाले. पोरांनी माना खाली घातल्या. पण जाताना एक जण बोललाच, "आक्कांबद्दल काय न्हाई, सर. अक्षरांबद्दल बोलतोय."

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी दार उघडले तर फळ्यावर डांबर होते. कुणी फासले ते कळले नाही. त्याचा तपासही कुणी केला नाही. दोन्ही बाजूंना डांबर एकाच दुकानात मिळते. आप्पांनी रॉकेलचा बोळा घेऊन फळा घासला. तो काळाच होता, तरी डांबराचा काळा वेगळा दिसे, आणि त्यावर खडू उमटत नसे. अण्णा त्यांच्यामागे येऊन उभे राहिले. अण्णांनी थोरल्या भावाला कधी उलट शब्द केला नव्हता.

"दादा, बंद कर की आता."

"का?"

"आत सूत हाय, दादा. साड्या हाईत. आज डांबर आणलं, उद्या काडी आणतील. मला ही जागा सोडली तर दुसरं काय येतंय?"

आप्पा घासत राहिले. मग म्हणाले, "नुस्ता शब्द लिहितो. अर्थ न्हाई लिहीत. ना तुझा, ना तिचा. चालंल?"

"चालंल," अण्णा म्हणाले. इंग्रजीला कुणाची हरकत नव्हती.

आणि खरोखरच कुणाची नव्हती. डांबर न लागलेल्या वरच्या पट्टीत आप्पा रोज एक शब्द लिहू लागले, एकटा. ज्या माणसाने आयुष्यभर शब्द सुटा दिला नाही त्याच्या भिंतीवर तो रोज लोंबू लागला. दोन्हीकडची पोरे मोटारसायकलवरून फळ्यासमोरून जात आणि त्यांची नजर त्यावरून घसरून जाई. दूध घालणारे थांबेनासे झाले. कट्ट्यावरचा वाद संपला. ज्याचा अर्थ कळत नाही त्यावर भांडायचे तरी काय? कुणी अर्थ विचारलाच तर आप्पा हलक्या आवाजात सांगत, पण विचारायला आधी थांबावे लागते.

आक्काचा मिठाचा टोमणा बंद झाला. सकाळी फळ्याकडे जाताना तिचा पदर आपोआप खोचला जाई. मग तिच्या लक्षात येई आणि ती तो सोडी. दुसऱ्या वर्षी तिला ताप आला, साधाच वाटलेला, आणि त्यात ती गेली. मी कोल्हापूरहून निघाले. निपाणीच्या स्टँडवर तंबाखूचा तो गोडसर, घसा धरणारा वास बसमध्ये शिरला आणि डोळ्यांतून पाणी आले; ते वासाने आले असे शेजारणीला सांगता आले. घरी पोचले तर फळ्यावर लिहिले होते: अलिज.

मी त्यांच्याजवळ बसले. माग बंद होता. त्यांनी समोरच्या तांब्याकडे बोट केले. वर धरण्याइतका जोर त्या बोटात नव्हता. "भांडं किती भरलंय ते सगळे सांगतात," ते म्हणाले. "वरची जी जागा रिकामी राहिलीय ना पोरी, तिला हे नाव हाय." मग म्हणाले, "तिला सांगितलं असतं तर तिनं कन्नडात कायतरी सांगितलं असतं. आता तेवढी जागा तशीच."

पुढच्या काळात मी येत राहिले, आणि प्रत्येक वेळी त्या घरातले काहीतरी कमी झालेले असे. शाळेला कुलूप लागले. अण्णांच्या मुलाने पुण्यात नोकरी धरली. अण्णांचे गुडघे गेले आणि माग भंगारात द्यायचे ठरले. शेवटची साडी उतरवली तेव्हा मी होते. हिरवी, मोतिया काठाची. अण्णांनी ती कापली आणि सवयीने वीतभर टोके राखून ठेवली. मग त्यांचा हात थांबला. नवा ताणा येणार नव्हता. मुलाने कात्री घेतली. "बाबा, आता ही कशाला ठेवायची? उद्या माग उचलायला येणार ते." त्याच्या बोलण्यात काही चुकीचे नव्हते. त्याने फणीजवळून सगळी टोके कापली, आणि ती मूठभर हिरवी गुंतवळ टोपलीत पडली, विंचरून काढलेल्या केसांसारखी. आप्पा खुर्चीवरून पाहत होते. त्यांनी बोट वर केले नाही. ते नाव आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

पुढच्या खेपेला निघताना मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी विचारले, "तुझ्या घराला रस्त्याकडची भिंत हाय का गं?"

"न्हाई आप्पा. चौथ्या मजल्यावर हाय. खिडकी हाय."

"खिडकीवर कोण लिहितंय," ते म्हणाले आणि हसले. हसताना त्यांच्या अंगाचा खळीचा वास मला आला नाही, तेव्हा मला कळले की माग खरोखरच गेला.

आप्पा गेल्याचे मला अण्णांच्या मुलाने फोनवर कळवले. मी पोचले तोवर सगळे आटोपले होते. सोप्यात मागाच्या जागी फरशीवर फिकट चौकोन होता, आणि बाहेर फळा तसाच होता. शेवटच्या सकाळी लिहिलेला शब्द त्यावर होता. अक्षर थरथरते, पण पूर्ण. थ्रम. खाली काहीच नव्हते. तो पुसायला कुणी आले नव्हते, कुणाला तो खुपतही नव्हता.

फळ्याच्या चौकटीवर खडूचा तुकडा होता. मी तो उचलला. अर्थ मला येत होता. कोवळ्या वयात त्यांच्याच तोंडून ऐकलेला, त्या घराइतका जुना अर्थ. एका ओळीत मावणारा. मी खडू टेकवला तेवढ्यात अण्णा काठी टेकत दाराशी आले.

"नगं लिहू, ताई."

"एवढंच लिहिते, अण्णा. आप्पांसाठी."

"तू रात्रीच्या गाडीनं जाशील. आम्हांला हितंच ऱ्हायचंय." ते रागावले नव्हते. त्यांनी माझ्या हातातला खडू हळूच काढून घेतला, आणि काय करावे ते न कळून सदऱ्याच्या खिशात टाकला. "ऱ्हाऊ दे तसंच. कुणाला कळत न्हाई तोवर कोण हात लावत न्हाई त्याला."

समोर माझ्या माहेरच्या दाराला कुलूप होते. मी बसस्टँडवर आले. बस निपाणीच्या पुढे निघाली तेव्हा बाहेर अंधार होता आणि काचेत माझा चेहरा दिसू लागला होता. उकाड्याने कपाळ पुसताना केव्हातरी बोट लागले असावे: दोन भुवयांच्या मधोमध खडूचा पांढरा ठिपका होता. शेजारी एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने तो पाहिला आणि आपुलकीने म्हणाली, "ताई, हितं कायतरी लागलंय तुमच्या."

त्या जागेला नाव आहे. ते माझ्या ओठांपर्यंत आले. मी "व्हय" म्हटले आणि रुमालाने ती जागा पुसली.